बी साइडचा डफ

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सरळ मराठीत सांगितलं, त्यामुळे गैरसमजाला जागाच उरली नाही. पुढच्या बुधवारी नागपूरला ऑपरेशन. गाठ स्वरयंत्रावर आहे, ते काढावं लागणार. माणूस वाचेल, आवाज जाईल. माझे सासरे बिसराम शाहीर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भात खाता येईन ना?" डॉक्टर म्हणाले, येईल. त्यांच्यापुरता विषय संपला.

माझ्या बायकोचा संपला नाही. दुर्गेश्वरी नागपूरपासून बसमध्ये दवाखान्याची फाइल धरून बसली होती. कोहमाऱ्याच्या चौकात उतरता उतरता म्हणाली, "बाबाचा आवाज भरून ठेवा. नाही तं तुमचं दुकान कायच्या कामाचं हाय?"

माझं दुकान म्हणजे उमेंद्र साउंड सर्व्हिस. वडिलांनी सुरू केलं, मी पुढे रेटलं. लग्न, बारसं, निवडणूक, काहीही असो, लोक मागतात ते वाजवायचं आणि आपली आवड घरी ठेवायची, हा या धंद्याचा नियम आहे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा तर दुकानात बसायला खुर्ची उरत नाही. याच मंडईत दुपारी सवाल-जवाबाचा सामना होतो, त्याला दुय्यम म्हणतात. दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एक डफावर सवाल टाकतो, दुसऱ्यानं दिवस बुडायच्या आत जवाब द्यायचा. नाही दिला तर तो हरला, आणि त्या सवालाचा जवाब सवाल करणाऱ्याच्या तोंडावर दिल्याशिवाय त्यानं पुन्हा मंडईत उभं राहायचं नाही. बिसराम शाहीर आणि गोवर्धन शाहीर ही जोडी वीस वर्षं तालुक्यात गाजली. गोवर्धन शाहीर नव्व्याण्णव सालच्या वैशाखात गेले. तेव्हापासून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डफ खुंटीवर टांगला तो टांगलाच. जोडीदार गेला म्हणून गाणं सोडलं, असं घरात सगळे मानत होते. मीही मानत होतो.

आवाज भरायची गोष्ट मी त्याच दिवशी काढली. मामाजी खाटेवर बसून पाय चोळत होते.

"सवाल टाकला का मले कोनी?" ते म्हणाले. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं जे करायचं ते करून ठेवलं होतं. "मंग मी जवाब कायचा देऊ?"

"साधा पोवाडा म्हना, मामाजी. आठवण राहीन."

"सूर कुठी हाय जवाई? गळा फाटला. फाटक्या पोत्यात धान भरता का तुमी?"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आवाज भरायची घाई दुर्गेश्वरीपेक्षा मला जास्त होती, आणि तिचं कारण तिला माहीत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या मंडईत माझ्या वडिलांनी या दोघांचा सामना मिक्सरवरून कॅसेटवर भरला होता. बिसराम शाहिरांच्या आवाजाची तेवढी एकच कॅसेट. पुढच्या वर्षी मी नागपूरला आयटीआयमध्ये होतो. माझ्या खोलीवर मुन्नालाल नावाचा बालाघाटचा पोरगा राहायचा. त्याच्याकडे दुबईहून कुणीतरी आणलेली एक कॅसेट होती, अमेरिकेतल्या काळ्या लोकांची, हिपहॉपची. मी ती एकदा ऐकली आणि त्या रात्री जेवलो नाही. मला कॉपी पाहिजेच होती आणि कोरी कॅसेट घ्यायला खिशात पैसे नव्हते. घरून आणलेल्या वडिलांच्या कॅसेटींतली एक उचलली, पुसली जाऊ नये म्हणून तोडलेल्या तिच्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि बी साइडवर अमेरिका भरली. वरच्या कागदावर वडिलांच्या अक्षरात 'बिसराम-गोवर्धन' लिहिलं होतं. त्या नावांशी तेव्हा माझं काही देणंघेणं नव्हतं. पुढे आठ वर्षांनी मी त्यातल्या एकाच्या मुलीशी लग्न केलं.

ए साइडला गोवर्धन शाहिरांचा सवाल होता. म्हणजे बी साइडला मामाजींचा जवाब असणार. तो मी पुसला. दुर्गेश्वरीनं लग्नानंतर माझ्या वडिलांच्या पेटीबद्दल कितीदा विचारलं, "मामंजीच्या पेटीत बाबाची कॅसेट असन ना?" मी म्हणायचो, उंदरांनी खाल्ली. अठरा वर्षं मी उंदरांवर ढकलत आलो. माणसानं एवढं खोटं बोलू नये, पण एकदा बोललं की तेच सोयीचं पडतं.

ऑपरेशनपर्यंत मामाजी आमच्याकडेच राहणार होते. घरात करमत नाही म्हणून सकाळी माझ्याबरोबर दुकानात येऊन बसायचे. चौकातून रायपूरकडे जाणारे ट्रक मोजायचे.

गुरुवारी मी त्यांना हिपहॉप ऐकवलं ते काही ठरवून नाही. दुरुस्त झालेले दोन स्पीकर तपासायचे होते, आणि स्पीकर मी नेहमी माझ्या आवडीच्या गाण्यावर तपासतो. सत्त्याऐंशी सालचं, जुनं, घट्ट. ड्रम सुरू झाला तसे मामाजींनी ट्रक मोजायचे सोडले.

"हा मानूस कोनाशी भांडून राहिला?"

"भांडून नाही, गाऊन राहिला."

"गाऊन?" त्यांनी कान पुढे केला. "याच्यात गाना कुठी हाय? हा तं बोलून राहिला. सूर नाइ, आलाप नाइ. नुसती धडधड. कायले ऐकता तुमी हे?"

मला राग आला. सव्वीस वर्षं मी हे एकट्यानं ऐकतो आहे. गोंदियापासून अर्जुनी मोरगावपर्यंत एक माणूस असा मिळाला नाही की ज्याला हे ऐकवावं आणि त्यानं 'बंद कर बाप्पा' म्हणू नये. मी म्हणालो, "मामाजी, सुराकडे नका पाहू. ठोक्यावर शब्द कुठी पडते ते पाहा."

त्यांनी पाहिलं. म्हणजे डोळे मिटले. एक हात मांडीवर होता, त्याची बोटं हलली आणि थांबली.

"शब्द ठोक्याच्या मांगून आणून राहिला," ते म्हणाले. "मुद्दामून."

"हो."

"आन् हे एकच नाव सारखं कोनाचं घेऊन राहिला?"

"सोताचं."

"सोताचं? दर ओळीत?" ते हसले, मग खोकले. "आमी आपली छाप शेवटच्या कडव्यात टाकतो, एकदा. याले भरवसा नाइ का, लोक इसरतीन म्हणून?"

शुक्रवारी मी मुद्दाम ऐकवलं. न्यूयॉर्क शहरातल्या दोन मोहल्ल्यांचं भांडण होतं, की ही गाण्याची रीत सुरू कुठे झाली, तुमच्याकडे का आमच्याकडे. एकानं रेकॉर्ड काढली, दुसऱ्यानं तिला उत्तर म्हणून रेकॉर्ड काढली. मी दोन्हींचा अर्थ जमेल तसा सांगितला. आयटीआयच्या इंग्रजीवर जेवढं जमतं तेवढं.

"सवाल-जवाब होय मंग हा," मामाजी म्हणाले. पहिल्यांदाच खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तेच तं सांगून राहिलो दोन दिवसांपासून."

"जवाब किती येळानं देल्ला?"

"असन दोन-चार महिने."

"महिने!" त्यांना हे फारच लागलं. "महिन्यानं कोनीबी दे गा जवाब. आमाले दिवस बुडाच्या आंधी द्या लागे. लोक समोर बसून, डफ चालू. कोन जितला?"

"अजून वाद चालू हाय."

"पंच नोयते का?"

"नव्हते."

"मंग कायचा सामना," असं म्हणून ते चहा प्यायले. पण दुपारी स्वतःहून म्हणाले की पहिल्याचा सवाल परत लावा, त्यानं एका जागी ताल सोडलेला वाटतो. मी लावला. त्यानं सोडलेला नव्हता, आणि ते त्यांनी कबूल केलं. त्यानंतर शहाण्या माणसानं गप्प बसावं. मला फुशारकी आली.

शनिवारी मी त्यांना या सगळ्याचं मूळ सांगायला बसलो. पन्नासेक वर्षांपूर्वी त्या वस्तीतल्या नाचाच्या कार्यक्रमांत तबकड्या वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की लोक गाण्यावर नाचतच नाहीत. गाणं थांबून नुसता ढोल वाजतो तेवढ्या क्षणावर नाचतात. तो तुकडा चार-पाच सेकंदांचा. मग अगदी सारख्या दोन तबकड्या घ्यायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा लावायचा, तोवर पहिली मागे फिरवायची. तुकडा संपतच नाही. त्यावर मग कुणीतरी बोलायला लागलं. "हा जो ढोल ऐकून राहिले ना," मी म्हणालो, "थो या गाणाऱ्याचा नाहीच. दुसऱ्याच कोणाच्या जुन्या रेकॉर्डातला हाय."

मामाजींचा चेहरा उतरला. "मंग थो ढोलवाला कुठी हाय?"

"कोणाले ठाऊक. मेला असन."

"त्याले इचारलं?"

"बहुतेक नाही."

"चोरी होय जवाई. दुसऱ्याच्या डफावर आपलं कवन म्हणाचं? आमच्यात असं केलं असतं तं मंडईतून हाकलून देल्लं असतं." ते उठले आणि रस्त्याच्या बाजूला जाऊन बसले. तीन दिवसांची कमाई मी एका वाक्यात घालवली. त्यांनी मग दिवसभर ट्रकच मोजले.

दिवेलागणीला मी दुकान आवरत होतो. ते शटरपाशी येऊन उभे राहिले आणि वायरींच्या वेटोळ्याकडे पाहत म्हणाले, "मेलेल्या मानसाचा आवाज बी तसाच फिरवता येते का? ढोलासारखा?"

मी म्हणालो, येते.

"गोवर्धनचा असन का कुठी?"

खोटं बोलायची सवय जिभेवर होतीच. उंदीर अगदी ओठांवर आले. पण ते ज्या घोगऱ्या आवाजात विचारत होते तो बुधवारी जाणार होता, आणि मी त्या माणसाला एकदा पुसून बसलो होतो. मी म्हणालो, "हाय. उद्या आणतो."

रविवारी सकाळी माळ्यावरून पेटी काढली. कॅसेट जपून ठेवलेली होती, कारण बी साइड म्हणजे माझा जीव की प्राण. डेक घरीच लावला. दुर्गेश्वरी कणकेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. कागदावरचं नाव तिनं वाचलं. माझ्याकडे पाहून एकच शब्द म्हणाली, "उंदीर?"

मी ए साइड लावली. आधी मंडईचा कल्ला, पाळण्याची करकर, माइकची शिट्टी. मग डफ, आणि मग गोवर्धन शाहीर, पहाडी आवाजात:

"एका घरामंदी दोघं राहती, भेट न होई जन्माची,
एक निघता दुसरा येतो, सांग खूण त्या वर्माची!

दिवस-रात तू म्हणशील तर मी मान न देई जवाबा,
सूर्य-चंद्र हे पोरं सांगती, सांग वेगळं काही बाबा!"

मामाजी हलले नाहीत. जोडीदाराचा आवाज ऐकून माणूस रडेल असं मला वाटलं होतं. ते मान वाकडी करून ऐकत होते, जसं समोर उभं राहून ऐकावं तसं. सवाल संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, साइड संपली.

"आता पलटवा," दुर्गेश्वरी म्हणाली. "बाबाचा जवाब आयकू द्या."

मी पलटवली. अमेरिका सुरू झाली.

मी सगळं सांगितलं. खोली, मुन्नालाल, चिकटपट्टी, सगळं. सांगताना मी खाली पाहत होतो, हे लिहायला लाज वाटते. दुर्गेश्वरी रडायला लागली. ती म्हणाली, "माह्या बाबाचा एकच जवाब होता, थो बी तुमी या धडधडीखाली गाडला."

मामाजी म्हणाले, "रडू नको बाई. त्याच्यात मी नाइच."

दुर्गेश्वरीनं कणकेच्या हातानंच डोळे पुसले.

"शेवटाले काही उरलं असन तं लावा जवाई."

उरलं होतं. मुन्नालालची कॅसेट लहान पडली होती, त्यामुळे साइडच्या शेवटची दोनेक मिनिटं जुनीच राहिली होती. ती मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. त्यात नुसता डफ वाजतो. गाणं संपल्यावरचा असेल, असं मी धरून चाललो होतो. मी ते लावलं. डफ, डफ, डफ. मागे लोकांची कुजबुज. शब्द एकही नाही.

"पुरी साइड अशीच होती," मामाजी म्हणाले. "मी नुसता डफ वाजवत उभा. मले जवाब सापडला नाइ. दिवस बुडेपर्यंत वाजवला. मी हारलो त्या दिवशी. मंडई दूरच्या गावची, वळखीचा एकटा तुमचा बाप होता, त्यानं बी कोनाले सांगतलं नाइ, भला मानूस."

"मंग गोवर्धनकाका गेले म्हणून तुमी गाणं सोडलं, थे?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"थे खोटं नोय. सहा महिन्यांनी मले जवाब सापडला. वैशाखात. सायकल काढली आन् त्याच्या गावाले गेलो. दारात लोक जमले होते. सकारीच गेल्ता थो." त्यांनी डेककडे बोट केलं. "सवाल करणाऱ्याच्या तोंडावर जवाब द्या लागते. मंग कोनाले देऊ? तसाच ठेवला."

सव्वीस वर्षं या माणसाकडे तयार जवाब होता आणि आम्ही सगळे त्याला पोवाडा म्हण म्हणून मागे लागलो होतो. मला माझी चूक धुतली गेल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. तो झाला नाही. उलट बुधवार आणखी जवळ आला.

सोमवारी दुकानाचं शटर अर्धं पाडलं. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. बी साइडच्या शेपटातले डफाचे चार ठोके कापले, मागची कुजबुज तशीच ठेवली आणि ते चार ठोके एकाला एक जोडून फिरत ठेवले. त्याच्या आधी गोवर्धन शाहिरांचा सवाल. मामाजींना हेडफोन लावला. मी म्हणालो, "मामाजी, डफ तुमचाच हाय. चोरीचा नाही."

"समजलं," ते म्हणाले.

सवाल आला, संपला. डफ फिरू लागला. मामाजींनी वरच्या पट्टीत सूर लावला आणि तो पहिल्याच शब्दावर फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. खोकला आला. पाणी प्यायले. मी मशीनवर हात ठेवून बसलो होतो.

"जवाई," ते म्हणाले, "थो अमेरिकावाला बोलते तसा बोलू का?"

"बोला."

"सूर नाइ लागन."

"त्यालेबी लागत नव्हता."

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. गोवर्धन शाहिरांनी विचारलं. डफाचे चार ठोके एकदा गेले, दोनदा गेले. मामाजी शब्द ठोक्याच्या किंचित मागून आणत बोलले. गाणं नव्हे, बोलणंच, पण पाय रोवून:

"घर म्हणजे हा गळाच, गड्या, दोघं राहती एके ठायी,
बोल निघाला मौन बसे अन् मौन उठे तर बोल येई.

भेट न होई दोघांचीही, हीच खूण त्या वर्माची,
मौन धरून मी उभा राहिलो, शुद्ध न होती जवाबाची.

कवी बिसराम म्हणे, गोवर्धना, उशीर झाला, माफ करी,
जवाब घेऊन दारी आलो, तेव्हा नव्हता तू रे घरी."

मी डफ आणखी थोडा फिरू दिला आणि बंद केला. त्यांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला.

"जवाब माह्या तोंडातच होता त्या दिवशी," ते म्हणाले. "मी गप उभा होतो, थोच जवाब. पण गप राहून कोनी जिततं का?"

दुसऱ्यांदा घ्यायचं का, मी विचारलं. ते म्हणाले, जवाब एकदाच देतात.

मंगळवारी त्यांना नागपूरला नेलं. बुधवारी ऑपरेशन झालं, नीट झालं. गळ्याला भोक आणि त्यात नळी, हे पाहायची सवय व्हायला आम्हाला आठवडा लागला, त्यांना दोन दिवस. भात खाता येऊ लागला. दुर्गेश्वरीनं त्यांच्यासाठी पाटी आणि पेन्सिल आणली. ती माझ्याशी मधले आठ दिवस कामापुरतं बोलत होती, मग पुरतं बोलू लागली. उंदीर हा शब्द मात्र घरात अजून निघतो, मी काहीही हरवलं की.

महिन्याभरानं मामाजी पुन्हा दुकानात येऊन बसले. पहिल्या दिवशी ट्रक मोजले. दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहून पुढे केलं: 'आपलं लावा.'

मी लावलं, चांगल्या स्पीकरवर. गोवर्धन शाहिरांचा सवाल, मग डफ, मग बिसराम शाहीर. शेजारच्या पंक्चरवाल्या केवलरामनं हातातलं टायर खाली ठेवून ऐकलं. मामाजी डोळे मिटून बसले होते. त्यांची बोटं मांडीवर चार ठोके देत होती. आवाज संपला तरी बोटं थोडा वेळ चालू राहिली.

मला वाटलं आता काही लिहितील. आपल्याच आवाजाबद्दल, सुराबद्दल. त्यांनी पाटी पुसली, पेन्सिल उचलली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'गोवर्धनचा आवाज कमी हाय. वाढवा.'

मी वाढवला आणि पहिल्यापासून लावलं.